आबांचा नंबर

कुणीतरी रात्री ओली केलेली चादर मी मशीनमध्ये कोंबत होते, तेवढ्यात एप्रनच्या खिशातला फोन थरथरला. हात पुसून पाहिलं. 'भाऊसो विहीर या यंत्रावरून तुमचा क्रमांक काढून टाकण्यात आला आहे.' एवढंच. खाली 'ठीक आहे' असं एक बटण होतं आणि दुसरं बटणच नव्हतं. ठीक नाही असं म्हणायची सोय त्या ॲपवाल्यांनी केलेली नव्हती. मी ॲप उघडून पाहिलं. तिथे लाल, पिवळा, निळा असे तीन ठिपके असायचे. पलूसजवळच्या आमच्या वाडीत, विहिरीवर थ्री फेज लाइट आली की ते उजळायचे, आणि इथे डब्लिनच्या वृद्धाश्रमात परक्या म्हाताऱ्यांचे कपडे धुताना मला कळायचं की आपल्याकडे लाइट आली. आज तिन्ही राखाडी. खालचं हिरवं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, अंगठा दुखेपर्यंत दाबलं. शेजारी घड्या घालणारी आयरिश बाई म्हणाली, सगळं ठीक ना? मी हो म्हटलं. या देशात सगळे सगळ्यांना हेच विचारतात आणि त्याचं उत्तर एकच असतं. मी दुसरी चादर उचलली.

इथे येऊन पाच महिने झाले. माझ्या नवऱ्याला, जयराजला, कंपनीने पाठवलं आणि कराडला लागून मलकापुरात आमचा फ्लॅट होता, त्याला कुलूप लावून आम्ही आलो. कराडात मी लॅबमध्ये रक्त तपासायचे. इथे ते सर्टिफिकेट चालायला वेळ लागतो, चादरींना काही लागत नाही. जयराज विमानतळावरच फोन घेऊन बसला होता. बॅगा येईपर्यंत त्याने नवं सिम घातलं, देश बदलला, वेळ बदलली, बसचं, बँकेचं, दवाखान्याचं अशी नवी ॲपं उतरवून घेतली आणि जुनी पटापट पुसली. गॅसचं बुकिंग गेलं, लाइटबिल गेलं, सोसायटीचा ग्रुप गेला. "हलकं वाटतं गं," म्हणाला. त्याला वाटलं असेल. काही माणसांना कुठेही पाट मांडून दिला की भूक लागते. माझा फोन मात्र कित्येक दिवस कराडचंच हवामान दाखवत राहिला. इकडे थंडीने ओठ फुटत होते आणि फोन म्हणत होता, आज स्वच्छ ऊन. मला ते आवडायचं. वेळही मी बदलली नव्हती. फोनमध्ये भारताची, भिंतीवर इथली, आणि मधला हिशोब बोटांवर. त्या हिशोबात एकदा घोटाळा झाला आणि एका लॅबमधली मुलाखत हुकली, बोलावणं आलेली एकमेव. जयराज ओरडला नाही. तो ओरडत नाही, हातातून फोन काढून घेतो. 'आपोआप वेळ' नावाचं एक बटण त्याने सरकवलं आणि म्हणाला, "आता तुला काही बघायलाच नको. फोनला कळतं आपण कुठे आहोत ते." म्हणजे मला कळत नव्हतं. असो. पण एका गोष्टीला मी त्याला हात लावू दिला नाही. फोनच्या दुसऱ्या खाचेतलं सिम आबांचं होतं.

आबा म्हणजे माझे वडील, भाऊसो. फौजेतून हवालदार होऊन परत आले आणि अर्धी फौज घरात घेऊन आले. विहीर आमची आणि चुलतभाऊ धनाजीदादाची सामायिक. रात्रीची लाइट असेल त्या आठवड्यात बारा वाजेपर्यंत त्याची मोटार आणि बारानंतर आमची, ही पाळी आजोबांच्या वेळेपासूनची. आबा टॉर्च घेऊन निघायचे ते पाळी सुरू व्हायच्या बऱ्याच आधी, आणि विहिरीच्या कठड्यावर बसून बारा वाजायची वाट बघायचे. धनाजीदादाची मोटार बंद झाल्याशिवाय त्यांनी कधी स्टार्टरला बोट लावलं नाही. एकदा अंधारात बांधावरून पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. तेव्हा मी मागे लागून ती डबी बसवून घेतली. स्टार्टरला जोडलेली डबी, तिच्या पोटात एक सिम, आणि घरबसल्या फोनवर बटण दाबलं की तिकडे मोटार चालू. उसाला ठिबक होतं, त्यामुळे सरीत पाणी फिरवायलाही कुणी लागत नव्हतं. डबीला आबांचा नंबर त्यांच्याच नावाने जोडला, ॲप माझ्या फोनवर घेतलं, भाषा मराठी निवडली, यंत्राला नाव दिलं भाऊसो विहीर. घरात मला राजा म्हणतात. आबा मलकापूरला फोन करायचे, "राजा, मोटार लाव." मी लावायचे. "रिपोर्ट दे." मी म्हणायचे, "मोटार चालू, आबा." मग पलीकडून एक समाधानाचा हुंकार. शेवटचे महिने ते माझ्याकडेच होते, कराडचा दवाखाना जवळ म्हणून. अंथरुणावर पडून पाळी सांभाळायचे. जायच्या आधी एका दुपारी त्यांनी स्वतःचा फोन माझ्या हातात ठेवला. "ह्यो तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. धैर्या झोपतो," म्हणाले. धैर्या म्हणजे माझा धाकटा भाऊ, धैर्यशील. तेरावं झालं आणि मी रजिस्टर ऑफिसात जाऊन जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही केली. कुणी जोर केला नाही. कुणी विचारलंही नाही. पेन पुढे केलं, मी सही केली, बहिणी करतात. जमीन सोडली आणि नंबर ठेवला. तेव्हा मला वाटलं होतं की मीच फायद्यात आहे, इतकी मी खुळी.

व्हॉट्सॲपही मी आबांच्याच नंबरावर ठेवलं, त्यांच्याच फोटोसकट. माझ्या लग्नातला फोटो, फेटा बांधलेला, डोळे अर्धे मिटलेले, फोटोवाल्यावर वैतागलेले आबा. आईला, राहीबाईला, वाचता येत नाही. फोन वाजला की ती तोंड बघते. धैर्यशीलचं तोंड, मावशीचं तोंड, आणि आबांचं तोंड दिसलं म्हणजे डब्लिनवरून राजा. पहिल्यांदा दिसलं तेव्हा ती रडली, मग तिला सवय झाली, मग ते हवंसं वाटायला लागलं. "आलं का मालक," असं म्हणूनच फोन उचलायची. त्यातच शेजारच्या जन्नतबीला कुणीतरी फोन केला. हुबेहूब तिच्या सौदीतल्या अजमलच्या आवाजात, रडत, अम्मी मी अडकलोय, तुझ्या फोनवर आकडा आलाय तेवढा सांग. तिने सांगितला आणि खातं रिकामं झालं. तेव्हापासून मी आईला धडा घालून दिला. आवाजावर जाऊ नको आई, आवाज आता मशीनसुद्धा काढतं. फोटो बघायचा. आबा दिसले तरच मी. बाकी कुणीही असलं, माझ्या आवाजात बोललं, रडलं, तरी ठेवून द्यायचा आणि ब्लॉक करायचा. ब्लॉकचं बटण कुठं असतं ते शिकवता शिकवता माझा जीव गेला. पण धडा तिला पाठ झाला. मी विचारायचे आणि ती शाळेतल्या पोरीसारखी म्हणून दाखवायची. आम्ही दोघी त्यावर पुष्कळ हसायचो.

इथे आल्यावर थोड्याच दिवसांत धैर्यशीलचा फोन आला होता. त्याचं पलूसला खताचं दुकान आहे, दिवसभर उभा असतो, थकतो, मान्य आहे. डबीचं ॲप त्याच्याही फोनवर होतं, पण त्यासाठी रात्री उठावं लागायचं. "आक्का, आमची रात ती तुझी सांज. तूच लाव की मोटार. मला उठाय हुत न्हाई बघ." टायमर लावता आला असता, पण लाइटचा भरवसा नसतो, जाते, येते, कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं. मी हो म्हणाले. कशी म्हणाले ते आठवलं की आता अंगावर काटा येतो; लहान पोरगी जत्रेला हो म्हणते तशी म्हणाले. त्यांच्या रात्रीचे बारा म्हणजे इथले संध्याकाळचे साडेसहा. साडेसहाचा अलार्म लावून ठेवला. कामावरून यायचं, कुकर लावायचा, अलार्म वाजला की हिरवं बटण. ठिपके उजळलेले, विजेचा आकडा हलायला लागलेला. मग खिडकीशी उभं राहून मी तोंडातल्या तोंडात म्हणायचे, मोटार चालू, आबा. खाली ओला रस्ता, कुत्री फिरवणारी माणसं, आणि तिकडे त्याच क्षणी अंधारात आमच्या उसाच्या बुडाशी थेंब पडायला लागलेले. ठिबकच्या नळीजवळ बसलं की एक बारीक टिपटिप ऐकू येते, पाण्याने मातीचा वास सुटतो, ते सगळं मला तिथे उभ्या उभ्या मिळायचं. लोक विचारायचे, तू इथे काय करतेस? मी म्हणायचे, वृद्धाश्रमात काम करते. खरं तर मी पलूसला उसाला पाणी देत होते, बाकीचा दिवस नुसता काढत होते.

हे सगळं आज घरी जाताना बसमध्ये डोक्यात फिरत होतं, आणि मग सकाळचं आठवलं. सकाळी कामावर निघताना धैर्यशीलचा फोन होता. "आक्का, आबांच्या नंबरावर ओटीपी आलाय बघ. सांग जरा." यात नवीन काही नव्हतं. गॅस, बँक, रेशन, सगळीकडे आबांचाच नंबर जोडलेला, आणि ओटीपी सांगणारी मी. मी आकडे वाचून दाखवले. तो थँक्यू म्हणाला. आमच्या घरात कुणी कुणाला थँक्यू म्हणत नाही, तेव्हाच ओळखायला हवं होतं. आता बसमध्ये तो मेसेज शोधून काढला. आकड्याच्या पुढे इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं, हा कोड यंत्रावरून मुख्य क्रमांक काढून टाकण्यासाठी आहे, कुणालाही सांगू नका. इंग्रजी मला येतं. मी फक्त आकडे वाचले. भावाला सांगताना पुढचं कोण वाचतं? जन्नतबीला मनातल्या मनात अडाणी म्हणणारी मी, स्वतःच्या तोंडाने स्वतःला विहिरीवरून काढून टाकलं होतं. स्टॉपवर उतरल्या उतरल्या मी त्याला फोन लावला.

"काढलास व्हय रं मला?"

मागे दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. "सांगणार हुतो, आक्का."

"कवा? काढल्यावर?"

"आदी सांगितलं असतं तर दिला असतास व्हय ओटीपी?"

"न्हाई."

"मग?"

हे 'मग' त्याने असं म्हटलं, की मी भांडायचं विसरून त्या शब्दाकडेच बघत राहिले.

"सलग तीन राती, आक्का," तो म्हणाला. "धनाजीदादाच्या पाळीत आपली मोटार चालू. आधीच विहीर तळाला गेलेली. दोन मोटारी एकदम लागल्या की दोनी कोरड्या वढत्यात. त्येला कळंना पाणी जातंय कुटं. तिसऱ्या राती त्यो विहिरीवर जाऊन बसला. अकरा वाजले आन आपली मोटार लागली."

"अकराला कशी? मी बाराला लावते."

"ॲपमधी हाय की लिवलेलं. तिनी राती अकरा."

"आसं हुईलच कसं?"

"ते मला काय म्हाईत? सकाळी त्यो दारात. सगळी आळी गोळा. मला पाणीचोर म्हणला. मी म्हणलो, मी झोपलोवतो, मी न्हाई लावली, हे बघ कुणी लावली ती. ॲप दावलं त्येला. त्येच्यात काय लिवलंय म्हाईत हाय? चालू केले, भाऊसो. तीन येळा भाऊसो." त्याचा आवाज चिरकला. "दादा म्हणला, भाऊसो मेला तरी पाणी चोरायचं सोडंना."

मी रस्त्याच्या कडेला उभी होते. एक सायकलवाला घंटी वाजवत आला आणि मला वळसा घालून गेला.

"खरं सांगायचंस की. आक्का लावती म्हणून."

"सांगितलं. तवा तर लय हसली माणसं. दिलेली लेक परदेशातनं विहीर चालिवती आन ह्यो हितं झोपा काढतोय म्हणली."

"तूच म्हणलावतास लाव म्हणून."

"म्हणलोवतो. चुकलं माझं. आता मीच जातो राती, टॉर्च घिऊन."

त्याच बांधावरून, जिथे आबांचा पाय मोडला. मोडला तर मोडू दे, पण बहिणीचा हात नको. मी म्हणाले, मी बोलते धनाजीदादाशी, पाया पडते त्याच्या. तो म्हणाला, नगं, आता वाढवू नगं. मग दुकानदार गिऱ्हाइकाशी बोलतो त्या आवाजात म्हणाला, "आन आक्का, आबांचा नंबरबी मला दे. लोक इचारत्यात, भाऊसोचा नंबर तिकडं कशापायी. सिम माझ्या नावावर करून घेतो. कोड यील तुला, तेवढा सांग." मी बघते म्हणाले आणि ठेवून दिला.

घरी जयराज टोमॅटो चिरत होता. त्याला सगळं सांगितलं. त्याला वाईट वाटलं, पण आधी हसू आलं, आणि मी ते पाहिलं. "अगं, रविवारी इकडे घड्याळं एक तास पुढे गेली ना. उन्हाळा आला की करतात. फोन आपोआप बदलतो." म्हणजे फोनमधले साडेसहा आता तिकडचे बारा नव्हते, अकरा होते. आणि मला आठवलं, रविवारी सकाळी स्वयंपाकघरातलं घड्याळ फोनपेक्षा तासभर मागे दिसलं होतं. सेल संपला असेल म्हणून मी स्टुलावर चढून नवा सेल घातला, फोनमध्ये बघून काटे पुढे केले, आणि खाली उतरून हात झटकले होते. घरातलं एकच घड्याळ बदललं नव्हतं, तेही मीच बदललं. कुणी पाणी चोरायला इतका खटाटोप करत नसेल. जयराज म्हणाला, "भारताची वेळ ठेवायला हवी होतीस गं एका ठिकाणी." तो ते अगदी सहज म्हणाला होता, आणि टोमॅटो चिरत होता. त्या क्षणी मला त्याचा जेवढा राग आला तेवढा धैर्यशीलचाही आला नव्हता. पण खरा राग कुणाचा ते मला माहीत होतं. आबा विहिरीच्या कठड्यावर बसून बारा वाजायची वाट बघायचे, आणि मी त्यांच्या नावाने तीन रात्री चोरी केली होती. आता वाडीत त्यांचं नाव निघेल तेव्हा कुणीतरी हसेल. पुढच्या वर्षीही हसेल. असल्या गोष्टी आमच्याकडे कुणी विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी कोड आला. या वेळी मी मेसेज पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला, आणि मग धैर्यशीलला आकडे सांगितले. घे. जमीन घेतलीस, नंबर घे, आबा पण घे. तो थँक्यू म्हणाला नाही, तेवढं एक बरं केलं. मग मी सोफ्यावर बसून, जयराजने विमानतळावर केलं होतं ते सगळं केलं. व्हॉट्सॲप इथल्या नंबरावर नेलं. त्यावरचा आबांचा फोटो काढला. आयरिश नंबरावर फेटा बांधून त्यांनी कशाला बसायचं? तिथे एक राखाडी, बिनचेहऱ्याचं डोकं उरलं. माझा फोटो लावू म्हटलं, तर माझा एकटीचा फोटोच सापडेना. हवामानातून कराड काढलं. डबीचं ॲप पुसताना फोनने विचारलं, नक्की? या फोनला असलं विचारायची भारी हौस. पुसलं. कानातल्याच्या टोकाने खाच उघडून आबांचं सिम बाहेर काढलं. नखाएवढं होतं. हलकं वाटेल म्हणून वाट पाहिली.

शनिवारी मला सुट्टी. सकाळचा चहा झाल्यावर आईला फोन लावला. वाडीत दुपार असणार, ती जेवून ओसरीवर टेकलेली असणार. बराच वेळ वाजला. शेवटी उचलला, पण 'आलं का मालक' नाही. नुसता श्वास, आणि मागे जन्नतबीच्या शेळीचं ओरडणं.

"आई, मी गं. राजा."

"कोण?"

"राजा. नंबर बदलला माझा, आई."

"व्हय व्हय. आसंच म्हणत्यात समदी."

"आगं, आवाज वळखंना व्हय माझा?"

"आवाज काढाय येतो की तुमास्नी. लय झ्याक काढलाय. पर माझ्या लेकीनं मला सांगून ठेवलंय. तिचा फोन आला म्हंजी मालक दिसत्यात. हितं मला कोण दिसंना."

"आई, ऐक, त्यो फोटो मीच—"

रडू फुटलं. तेही मीच तिला सांगून ठेवलं होतं, रडतील म्हणून.

"रडा," आई म्हणाली. "गरिबाला लुटताय, रडा आता." आणि ठेवला.

मी परत लावला. लागला नाही. एकदा थांबून परत लावला, तरी नाही. ब्लॉकचं बटण कुठं असतं ते तिच्या बरोबर लक्षात राहिलं होतं.